पिल्लाची पहिली लस मायला टोचायची असते: बकरी आणि पिल्लांच्या लसीकरणाचं सगळं, तारखांसकट

बकरी व्यायली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मालक विचारतो, आता पिल्लांना कोणती लस द्यायची? आणि उत्तर ऐकून त्याचं तोंड उतरतं, कारण पिल्लाची पहिली लस महिना-दीड महिना आधीच द्यायला पाहिजे होती, आणि ती पण पिल्लाला नाही तर त्याच्या मायला. आपल्याकडे विदर्भात ज्याच्याकडे तीन-चार बकऱ्या आहेत तो लसीकरण म्हणजे गावात गाडी येईल तेव्हा बकऱ्या धरून न्यायच्या एवढंच समजतो. गाडीची तारीख आणि तुमच्या बकरीची तारीख एक असेलच असं नाही, म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून काढतोय. लेख लांब आहे, चहा घेऊन बसा.

मायलाच का

माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या रक्तातून थोडीफार रोगप्रतिकारक शक्ती मिळते. बकरीत तसं होत नाही, तिच्या जारेची रचनाच अशी की आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, पिल्लाच्या रक्तात जात नाहीत. म्हणजे पिल्लू जमिनीवर पडतं तेव्हा ते एकदम कोरं असतं, कोणत्याच रोगाशी लढायला त्याच्याकडे काही नसतं. जे काय मिळायचं ते चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून मिळतं. आणि चिकात येतं कुठून, तर गाभणपणाच्या शेवटच्या चार-सहा आठवड्यात बकरीच्या रक्तातल्या अँटिबॉडी कासेत जमा होतात तिथून. त्या वेळी बकरीच्या रक्तात आंत्रविषाराच्या (आतड्यात विष तयार होऊन येणारा रोग) किंवा धनुर्वाताच्या अँटिबॉडी भरपूर असतील तर चिकात उतरतील, नसतील तर चीक कितीही दाट पिवळा दिसो, त्या रोगापुरता तो रिकामा.

दुसरी गोष्ट, थेट नवजात पिल्लाला लस टोचून फारसं हाती लागत नाही. एक तर त्याचं शरीर अजून लसीला नीट प्रतिसाद द्यायला तयार नसतं, आणि चिकातून आलेल्या अँटिबॉडी अंगात असतील तर त्याच लसीला मारून टाकतात, खास करून पीपीआरसारख्या (बकऱ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथीचा रोग) जिवंत लसीला, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूच्या लसीला. म्हणून पीपीआर तीन महिन्यानंतर. लोकं म्हणतात सरकारी डॉक्टर टाळतो, लहान पिल्लं सोडून देतो. टाळत नाही, बरोबर करतो.

सुरुवात वहीपासून

बकरी कधी फळली, म्हणजे बोकड कधी लागला, ती तारीख लिहा. एवढं एक काम केलं तर पुढचं अर्धं आपोआप होतं. बोकड कळपातच मोकळा फिरत असेल तर नेमकी तारीख कळत नाही, मग माजावर कधी दिसली ते लिहा, आणि पुढच्या वीस-एकवीस दिवसांनी परत माज आला का ते बघा, नाही आला तर धरून चाला गाभण आहे. बकरीचा गाभणकाळ साधारण १५० दिवस, पाच दिवस इकडे-तिकडे.

उदाहरण घेऊ. आपल्याकडे मृगाच्या पावसानं हिरवं उगवलं की बऱ्याच बकऱ्या माजावर येतात. समजा १० जूनला फळली. १५० दिवस मोजले की ७ नोव्हेंबर. तिथून उलटं मोजा. चार ते सहा आठवडे आधी म्हणजे २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, या पंधरा दिवसांत तिला आंत्रविषाराची लस आणि धनुर्वाताची लस मिळाली पाहिजे. तिला आयुष्यात आंत्रविषाराची लस कधीच दिली नसेल तर एका डोसनं भागत नाही, दोन लागतात, १५ ते २१ दिवसांच्या अंतरानं, मग पहिला डोस पोळा झाल्यावर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दुसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. दिवाळीत व्यायणाऱ्या बकरीचं लसीकरण दिवाळीत आठवून उपयोग नाही.

बाजारातून गाभण बकरी घेतली आणि विकणारा म्हणतो "तीन महिन्याची आहे जी", तर त्याच्या शब्दावर लस देऊ नका. डॉक्टरला दाखवा, पोट-कास बघून ते अंदाज देतात. आणि लसीकरणाची काहीच माहिती नाही असं धरून दोन डोस.

गाभण बकरीला काय द्यायचं, काय नाही

आंत्रविषार, ज्याला सगळे ईटी म्हणतात. ही लस मेलेल्या जंतूंची आणि निष्क्रिय केलेल्या विषाची असते, गाभण जनावराला चालते. याचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, बाहेरून यायची गरजच नाही, तो बकरीच्या आतड्यात आधीपासून असतोच. एकदम जास्त दूध, दाणा किंवा कोवळा चारा पोटात गेला की तो भराभर वाढतो आणि विष सोडतो. म्हणून हा रोग मरतुकड्या पिल्लाला सोडून सगळ्यात गुटगुटीत पिल्लू उचलतो, ज्याच्या मायला दूध जास्त आणि जे एकटंच पितं ते. "काल संध्याकाळी तं उड्या मारत होतं जी, सकायी पायलं तं मान मागं टाकून पडेल" हे वाक्य ज्या घरी ऐकलं तिथं बहुतेक वेळा हाच रोग निघतो, आणि लोकं मात्र साप चावला, नाहीतर कोणी काही खाऊ घातलं म्हणत बसतात.

विदर्भात याचे मोसम ठरलेले आहेत. मृगाच्या पावसानंतरचा कोवळा चारा, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढल्यावर वावरात सांडलेले दाणे, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा काढल्यावर राहिलेले घाटे, आणि एप्रिल-मेमध्ये लग्नाच्या मांडवामागं टाकलेला भात आणि बुंदी. शेवटचं कोणी मोजत नाही पण मांडवानंतर दोन दिवसांनी गावात बकऱ्या मेल्याचं ऐकू येतंच. म्हणून ईटीचा वर्षाचा डोस पावसाळ्याआधी मे महिन्यात देतात. बकरीत या लसीचा असर मेंढीपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे मेमध्ये दिली होती म्हणून ऑक्टोबरचा व्यायच्या आधीचा डोस सोडू नका.

धनुर्वात. नाळेतून, खच्ची करताना झालेल्या जखमेतून, कानात बिल्ला मारल्यावर हा शिरतो. पिल्लू लाकडासारखं ताठ होतं, तोंड उघडत नाही, आणि मग त्याला वाचवणं फार कठीण. गाभण बकरीला शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात लस दिली की चिकातून पिल्लाला संरक्षण जातं. मायला दिली नसेल आणि पिल्लू खच्ची करायचं असेल तर डॉक्टरला आधी सांगा, ते तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात.

पीपीआर गाभणपणात आठवायची लस नाही. ती बकरी खाली असताना, बोकड लागायच्या आधीच देऊन टाका. एकदा नीट दिली की तीन वर्षं चालते, आणि त्या बकरीच्या चिकातून पिल्लाला पहिले तीन-एक महिने पीपीआरपासून आधार मिळतो. आपल्याकडची ही लस हिमाचलच्या सुंग्री भागातल्या बकऱ्यांमधून घेतलेल्या विषाणूपासून आयव्हीआरआयच्या (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) मुक्तेश्वर केंद्रात तयार झाली, आज देशभर तीच जास्त वापरतात, आणि खरं सांगायचं तर बकरीपालनात एकच लस परवडत असेल तर मी हीच सांगेन. पीपीआर गोठ्यात शिरला की नाक-डोळे वाहणं, तोंडात फोड, हगवण, न्यूमोनिया, आठवड्याभरात कळप अर्धा होतो.

देवीची (अंगावर फोड आणणारा विषाणूचा रोग) लस पण जिवंत आहे, ती सुद्धा खाली बकरीला. २०२२ च्या लम्पीच्या साथीत गाईंना जी टोचत होते ती हीच बकरीच्या देवीची लस, तेव्हापासून गावात नाव माहीत झालं.

लाळ-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत येते, २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात मोफत. मेलेल्या विषाणूची असली तरी शेवटच्या महिन्यातली बकरी त्या धरपकडीत नेऊ नका, व्यायल्यावर देऊन घ्या.

आता "गाभण बकरीला सुई टोचली की गाभ टाकते" या समजाबद्दल. गाभ टाकते ते बहुतेक वेळा धरण्यामुळे. तीन पोरं मागं धावतात, एक जण मागचा पाय धरून लोंबकळतो, बकरी आपटते, मग दोन दिवसांनी गाभ पडला की नाव लसीचं. गाभण बकरीला तिच्या जागेवर, खुराक खाताना, ओळखीच्या माणसानं मानेजवळ हात घालून धरायचं. घरची बाई धरत असेल तर बकरी हलत पण नाही.

जंताचं औषध लसीच्या दहा-पंधरा दिवस आधी द्या, जंतानं पोखरलेल्या बकरीत लस नीट लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, पिल्लात व्यंग येऊ शकतं. त्या वेळी फेनबेंडाझोल जास्त सुरक्षित, तरी डॉक्टरला विचारूनच.

व्यायल्यावरचे पहिले चोवीस तास

मायला लस दिली, पैसे-वेळ खर्च केला, आणि चीक वेळेवर पाजला नाही तर सगळं पाण्यात. पिल्लाचं आतडं चिकातल्या अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात ओढून घेतं पण हे दार तासागणिक बंद होत जातं. पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगलं, चोवीस तासांनंतर जवळपास बंद. म्हणून पहिला चीक अर्ध्या-एक तासात पोटात गेलाच पाहिजे.

आपल्याकडे अजूनही खूप घरी जार पडल्याशिवाय पिल्लू पाजायला लावत नाहीत. जार पडायला कधी चार तास लागतात, कधी सहा, रात्री व्यायली तर सकाळपर्यंत कोणी बघत नाही, तोपर्यंत पिल्लाचा चांगला वेळ निघून गेला. उलट पिल्लू कासेला ओढायला लागलं की जार लवकर सुटते. म्हातारी रागावली तर रागावू द्या, पिल्लू लावा.

पद्धत सांगतो. कास कोमट पाण्यानं पुसा. दोन्ही सडाच्या एक-दोन धारा जमिनीवर काढा, टोकाला चिकट बूच बसलेलं असतं ते निघतं, नाहीतर अशक्त पिल्लू नुसतंच चोखत राहतं आणि पोटात काही जात नाही. मग पिल्लाचं तोंड सडाला लावा, शेपटीच्या मुळाशी बोटानं खाजवा, ते आपोआप चोखायला लागतं. पोटाखाली हात लावून बघा, भरलेलं लागलं पाहिजे.

किती पाजायचं तर चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के. आपल्या विदर्भातल्या बेरारी जातीचं पिल्लू साधारण दोन किलोचं भरतं, त्याला २०० मिली, म्हणजे ५० मिली असं चार वेळा. जुळं-तिळं असेल तर सगळ्यात बारकं पिल्लू मागं राहतं, त्याच्याकडे मुद्दाम बघा. बाटलीनं पाजताना डोकं फार वर करू नका, श्वासनळीत जातं. आणि खरवसाचा मोह पहिल्या दिवशी आवरा, पिल्लांची पोटं भरून उरला तर करा.

मोठा कळप असेल तर एखाद्या लसीकरण झालेल्या, जास्त दुधाच्या बकरीचा उरलेला चीक स्वच्छ बाटलीत फ्रीजरमध्ये ठेवा. कोणाची माय मेली, कोणाला दूधच उतरलं नाही तर कामी येतो. तो वितळवताना गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून हळूहळू वितळवायचा, हाताला सोसेल एवढंच पाणी. गॅसवर उकळला की अँटिबॉडी मेल्या, मग तो नुसता खाऊ.

नाळ दोन बोटं लांब ठेवून कापा, टिंचर आयोडीनमध्ये बुडवा. नुसता बोळा फिरवू नका, बुडवा. माती, शेण, राख, हळद काही लावू नका.

पिल्लांचं वेळापत्रक

वरचंच पिल्लू घेऊ, ७ नोव्हेंबरला जन्मलेलं, मायला लस झालेली, चीक वेळेवर प्यालेलं. जानेवारीच्या शेवटी जंताचं औषध. १० फेब्रुवारीच्या आसपास तीन महिने पूर्ण, तेव्हा पीपीआर, १ मिली कातडीखाली. मग तीन आठवडे थांबून मार्चच्या सुरुवातीला ईटीचा पहिला डोस, आणि १५ ते २१ दिवसांनी दुसरा. हा दुसरा डोस लोकं हमखास विसरतात आणि पहिल्या वेळी दुसऱ्या डोसाशिवाय ईटीची लस म्हणजे अर्धवट काम. चार महिन्याचं झालं की लाळ-खुरकूत, बकरीला १ मिली, गावात मोहीम मार्चच्या आसपास आली तर जुळून जातं, पण ईटीच्या डोसापासून दोन-तीन आठवड्याचं अंतर बघा. देवी गावात येत असेल तर तीन महिन्यानंतर कधीही, तेवढंच अंतर ठेवून. मे महिन्यात पिल्लू सहा महिन्याचं होतं, तेव्हा पावसाळ्याआधी घटसर्प. फाशीची (अँथ्रॅक्स) लस सगळीकडे द्यायची नसते, ज्या भागात तो रोग झाल्याची नोंद आहे तिथंच.

काही डॉक्टर पीपीआर आणि ईटी एकाच दिवशी मानेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या सिरिंजनं देतात. गाव लांब असेल, परत यायची खात्री नसेल तर ते बरोबरच आहे. दोन लसी एका सिरिंजमध्ये मिसळणं मात्र कोणीही सांगितलं तरी नाही.

मायला लस झालीच नव्हती अशा पिल्लाचं काय? ईटीसाठी पहिल्याच आठवड्यात डोस द्यायचा, १५ दिवसांनी परत, आणि चार महिन्याला पुन्हा, कारण त्या कोवळ्या वयात दिलेलं टिकत नाही. डॉक्टरशी बोलून करा, आणि दूध-दाणा एकदम वाढवू नका, लसीएवढाच तो उपाय आहे.

हे लिहितानाच सांगतो, लसीचा डोस वजनावर नसतो. "पिल्लू लहान आहे, अर्धीच टोचा साहेब" हे म्हणू नका. ईटीचा डोस बहुतेक बाटल्यांवर २ मिली लिहिलेला असतो, तो मोठ्या बकरीला पण २ आणि पिल्लाला पण २. लेबल वाचा, कंपनीनुसार फरक असतो.

लस आणणं: बर्फ, बाटली आणि शेजारी

अकोला, चंद्रपूर, नागपूरकडचा मे महिना म्हणजे ४५ च्या वर पारा. लस टिकते २ ते ८ अंशात. मेडिकलमधून लस घेऊन पिशवीत टाकून मोटरसायकलच्या हँडलला लटकवली आणि गावाला पोचेपर्यंत तासभर गेला की त्या बाटलीत फक्त पाणी उरलं समजा, आणि दिसायला ती तशीच दिसते. थर्मास घ्या, त्यात बर्फ, आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर पेपर गुंडाळून ठेवा. पेपर यासाठी की ईटी, लाळ-खुरकूत, घटसर्प या मेलेल्या लसी बर्फाला चिकटून गोठल्या तरी बाद होतात. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली तर मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या खणात तर मुळीच नाही, आणि रात्री लाइट गेली तर फ्रीज उघडू नका.

पीपीआर वाळवलेल्या वडीसारखी येते, सोबतच्या द्रावणात मिसळायची. मिसळली की घड्याळ सुरू झालं. तास-दोन तासांत संपवायची, तेवढा वेळ पण बर्फावर आणि सावलीत. उरली तर उद्या वापरू म्हणून ठेवायची नाही.

आणि इथंच छोट्या बकरीवाल्याची खरी अडचण आहे. पीपीआरची बाटली कमीत कमी पंचवीस, बऱ्याचदा शंभर डोसची येते, ईटीची पन्नासची. ज्याच्याकडे चार बकऱ्या त्याच्यासाठी कोण फोडणार? म्हणून एकट्यानं दवाखान्यात जाऊन "लस नाही म्हणतात" अशी तक्रार करण्यापेक्षा मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या बकऱ्या आणि पिल्लं मोजा, वयानुसार यादी करा, आणि यादी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जा. ऐंशी बकऱ्यांची यादी बघितली की तारीख मिळते. गावात उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) बचत गटाची पशुसखी, म्हणजे जनावरांच्या कामाचं शिक्षण घेतलेली गावातली बाई असेल तर तिला धरा, हे काम ती सगळ्यात चांगलं करते कारण कोणाच्या घरी किती पिल्लं ते तिला तोंडपाठ असतं. यादीत गाभण बकऱ्यांसमोर व्यायची अंदाजे तारीख लिहा, म्हणजे ईटीची बाटली कधी फोडायची ते ठरवता येतं.

टोचताना

टोचायचं काम डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षकाचं, तुमचं काम धरायचं आणि डोळे उघडे ठेवायचं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटोपा. त्या दिवशी ज्या बकरीला ताप, खोकला, हगवण, किंवा जी चारा खात नाही, ती बाजूला. बकरीचं अंग आपल्याहून गरमच असतं, १०२-१०३ फॅरेनहाइट तिचं रोजचंच, हात लावून ताप आहे म्हणू नका, थर्मामीटर लावा.

लहान पिल्लू मांडीवर घ्या, पुढचे दोन पाय एका हातात. मानेच्या बाजूला, खांद्याच्या पुढं कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी होते, त्यात सुई आडवी सरकवतात. टोचल्यावर दुसऱ्या बाजूचे केस ओले झाले का बघा. झाले असतील तर सुई आरपार गेली आणि डोस बाहेर सांडला, तिथल्या तिथं सांगा, घाईत हे होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पिल्लांना बारीक सुई, साधारण २० ते २२ गेजची. मागच्या मांडीत टोचू देऊ नका, गाठ झाली तर लंगडतं आणि मटणाचा चांगला भाग पण खराब होतो.

दर बकरीला नवी सुई हा नियम. निदान पिल्लं आणि गाभण बकऱ्यांपुरता तरी हट्टानं पाळा. काचेची जुनी सिरिंज उकळून घेतली असेल तर ठीक, पण स्पिरिटनं धुतलेली नको, जिवंत लस स्पिरिटनं मरते. टोचायच्या जागी स्पिरिट लावलं तर वाळू द्या आधी.

टोचून झालं की शिंगावर किंवा पाठीवर गेरूचा ठिपका. कळपात दोनदा टोचणं आणि एक राहून जाणं, दोन्ही यानं टळतं.

लाळ-खुरकुताच्या तेलकट लसीची सुई माणसाच्या बोटात घुसली तर हसण्यावारी नेऊ नका, थेट माणसांच्या दवाखान्यात जा आणि तेलाची लस आहे हे सांगा. बोट सुजून कायमचं खराब होऊ शकतं.

नंतरचे दोन दिवस

अर्धा तास डॉक्टरला गावातच थांबवा, चहा पाजा. क्वचित एखादीला लसीची ॲलर्जी येते, धाप लागते, तोंड सुजतं, कोसळते, त्यावर इंजेक्शन असतं पण ते मिनिटांत द्यावं लागतं. बाकी एक-दोन दिवस हलका ताप, सुस्ती, दूध थोडं कमी, हे चालतं. टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ ईटी आणि लाळ-खुरकुतात येते, काही आठवड्यात जिरते, दाबू नका, फोडू नका. बकरी ईदला विकायचे बोकड असतील तर ही गाठ गिऱ्हाईकाच्या हाताला लागते आणि तो भाव पाडतो, त्यामुळे त्यांचे डोस दोन महिने आधी उरका. लस झाली त्याच दिवशी लांब चालवत नेऊ नका, उन्हात बांधू नका, पाणी भरपूर ठेवा.

लस टोचली म्हणजे त्याच दिवशी कवच चढलं असं नाही. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस आठवडी बाजारातून नवी बकरी आणून कळपात सोडू नका. नवीन आणलेली एरवी पण २१ दिवस वेगळी बांधायची, वेगळं पाणी, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी.

साथ आली तर

शेजारच्या गावात पीपीआर आला आणि मग पळापळ करून लस दिली, त्यातल्या काही बकऱ्या मेल्या, की "लशीनंच मारलं" असं सगळीकडे होतं. त्या बकऱ्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला असतो, बाहेर दिसायला चार-पाच दिवस लागतात, लस त्या आधी काम करू शकत नाही. तरी साथीत लस द्यायचीच, फक्त जिथं रोग नाही त्या घरापासून सुरू करून रोगाच्या घराकडे यायचं, आणि सुई प्रत्येकीला वेगळी. चराईला एकत्र सोडणं बंद करा, बाहेरचे फिरते कळप आपल्या पाणवठ्यावर येत असतील तर बकऱ्या दुसरीकडे न्या. पिल्लं तीन महिन्याच्या आतली असतील तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, लवकर दिलीच तर पुढं परत द्यावी लागेल हे वहीत लिहून ठेवा.

वहीत कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, फळल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, कोणती लस, बाटलीवरचा बॅच नंबर आणि पुढचा डोस कधी, एवढं पुरे. बाटलीचा मोबाईलवर फोटो काढला तरी चालतो.

पिल्लू अचानक मेलं तर नाल्यात फेकू नका. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर किंवा तुमच्या दवाखान्यात फोन करा आणि शवविच्छेदन मागा, विमा असेल तर ते लागतंच. उन्हाळ्यात चार-पाच तासांतच आतलं सगळं सडतं आणि मग डॉक्टरला काही सांगता येत नाही, त्यामुळे सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवा आणि लवकर बोलवा. नाक-तोंडातून काळसर न गोठणारं रक्त येत असेल तर मात्र हात लावू नका आणि कापू पण देऊ नका, तो फाशीचा प्रकार असू शकतो आणि माणसाला पण होतो. डॉक्टर आले की मायला शेवटची ईटी कधी दिली होती हा पहिला प्रश्न असेल, वही बाहेर काढून ठेवा.